देशाविना द्रोह : ‘मास इफेक्ट २’मधील खटला

राजकीय खटल्याचे एक लक्षण असे सांगता येईल की, त्यात आरोपी एक असतो आणि निवाडा दुसऱ्याच गोष्टीचा होत असतो. जर्मनीतून परागंदा होऊन अमेरिकेत स्थिरावलेले विधिज्ञ ऑटो कर्कहायमर यांनी ‘पोलिटिकल जस्टिस’ (१९६१) या ग्रंथात न्यायप्रक्रियेच्या अशा राजकीय वापराची सविस्तर मीमांसा केली. नाटक आणि कादंबरी या वाङ्मयप्रकारांना हा विषय नवा नाही. मात्र तेथे प्रेक्षक वा वाचक न्यायालयाबाहेर असतो. वकिलाने काय बोलावे, हे लेखकाने आधीच ठरवलेले असते. संगणकीय खेळाच्या संहितेत हा संबंध बदलतो. बचावाचे भाषण खेळणाऱ्यालाच निवडावे लागते आणि त्या निवडीचे परिणामही त्यालाच सोसावे लागतात. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मास इफेक्ट २’ या विज्ञानकथात्मक खेळातील ताली झोरा हिच्यावरील खटला या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

खटल्याची पार्श्वभूमी अशी. क्वेरियन या जमातीने श्रमाच्या कामांसाठी ‘गेथ’ नावाची यंत्रे निर्माण केली. ही यंत्रे परस्परांशी जोडली जाऊन विचार करू लागली, स्वतःच्या अस्तित्वाविषयी प्रश्न विचारू लागली, तेव्हा भयग्रस्त निर्मात्यांनी त्यांचा नाश करण्याचे ठरविले. युद्धात निर्मातेच पराभूत झाले. रॅनॉक हा आपला ग्रह सोडून सुमारे तीन शतके ते जहाजांच्या प्रचंड ताफ्यात भटकत आहेत. या ताफ्यात सक्रिय गेथ आणल्याचा आरोप तालीवर आहे. ज्या प्रकरणात ही कथा येते त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ ‘द्रोह’ असा आहे. मराठीत त्यासाठी ‘देशद्रोह’ हा शब्द सहज ओठावर येतो आणि तेथेच अडखळायला होते. कारण या लोकांना देशच उरलेला नाही. गमावलेल्या देशाविषयी कोणते धोरण स्वीकारावे, यावरून त्यांच्यात तीव्र मतभेद आहेत आणि खटला उभा राहतो तो त्या मतभेदांतून.

न्यायासनावर तीन अॅडमिरल आहेत. हान गेरेल यांना युद्ध करून रॅनॉक परत मिळवायचा आहे. दारो झेन यांना गेथना पुन्हा क्वेरियनांच्या ताब्यात आणायचे आहे. झाल कोरिस यांच्या मते गेथवर अन्याय झाला असून युद्ध आत्मघातकी ठरेल. चौथ्या अॅडमिरल शाला रान आरोपीच्या कुटुंबाच्या निकटवर्ती. म्हणून त्या निवाड्यात भाग न घेता केवळ कामकाज चालवितात. पाचवे राएल झोरा हे तालीचे वडील. ते ज्या ‘अलारेई’ जहाजावर संशोधन करीत होते, ते गेथनी बळकावले आहे. म्हणजे न्यायाधीशांपैकी एकाचेही मत आरोपीच्या कृत्यावरून बनलेले नाही. निवाडा कोणत्या धोरणाला पोषक ठरेल, याचा हिशेब प्रत्येकाने आधीच मांडलेला आहे. खटल्याच्या आरंभीच एक भाषिक घटना घडते. क्वेरियनांच्या नावात जहाजाचे नाव अंतर्भूत असते. तालीला तिच्या ‘नीमा’ या जहाजाच्या नावाने न पुकारता, ती सध्या ज्यावर काम करते त्या मानवी ‘नॉर्मंडी’ जहाजाच्या नावाने पुकारले जाते. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच तिला ताफ्याबाहेर टाकणारी ही नामरचना आहे. मात्र आरोपीच्या बचावाची जबाबदारी जहाजाच्या कप्तानावर असल्याने त्याच नावामुळे खेळणारा, म्हणजे कप्तान शेपर्ड, तिचा वकील ठरतो.

अॅरिस्टॉटलने वक्तृत्वाचे तीन प्रकार मानले आहेत. न्यायसभेतील वक्तृत्व घडून गेलेल्या कृत्याविषयी असते. लोकसभेतील वक्तृत्व पुढे काय करावे याविषयी. तर प्रशस्तीचे वा निंदेचे वक्तृत्व प्रामुख्याने वर्तमानाविषयी. तालीचा खटला बाह्यतः पहिल्या प्रकारचा आहे, परंतु न्यायाधीशांच्या मनात चाललेला वाद दुसऱ्या प्रकारचा आहे. युद्ध करावे की न करावे, हा प्रश्न ज्या सभेत उघडपणे मांडला जावयास हवा होता तेथे तो मांडला जात नाही. एका तरुण स्त्रीच्या अपराधाचे रूप देऊन तो न्यायसभेत आणला जातो. खटला जाहीर आहे, प्रेक्षागार भरलेले आहे, आणि तरीही खरा विषय अघोषित राहतो. राजकीय खटल्याची यंत्रणा येथे अतिशय नेमकेपणाने दाखविली आहे.

परंतु संहितेचे खरे मर्म निकालाच्या रचनेत आहे. ताली आणि शेपर्ड अलारेईवर जातात. राएल झोरा यांचा मृतदेह आणि त्यांच्या नोंदी तेथे सापडतात. तालीने ताफ्याकडे पाठविलेले भाग निष्क्रिय होते. वडिलांनीच ते जोडून गेथ पुन्हा कार्यान्वित केले आणि युद्धात उपयोगी पडावे म्हणून त्यांच्यावर प्रयोग केले. हा पुरावा तालीला निर्दोष ठरविण्यास पुरेसा आहे. ताली मात्र तो दडवून ठेवण्याची विनंती करते. वडिलांची कीर्ती कलंकित होण्यापेक्षा तिला हद्दपारी मान्य आहे. खेळणाऱ्यापुढे चार मार्ग उरतात : पुरावा सादर करणे, काहीही न सांगता शिक्षा स्वीकारणे, प्रभावी भाषण करून न्यायाधीशांना निरुत्तर करणे, किंवा पूर्वी वाचविलेल्या रीगर व वीटोर यांच्या आधारे सभेला आपल्या बाजूस वळविणे. यांपैकी पुरावा सादर करण्याचा मार्ग स्वीकारला, तर ताली सुटते, पण तिची निष्ठा कायमची गमवावी लागते. आणि या खेळात सहकाऱ्यांच्या निष्ठेवर अंतिम मोहिमेतील जगणे-मरणे बऱ्याच अंशी अवलंबून आहे. प्रभावी भाषणाचा मार्गही सर्वांना खुला नसतो. अन्यत्र केलेल्या कृत्यांतून मिळविलेल्या नैतिक गुणांचा पुरेसा साठा असेल तरच तो उघडतो. म्हणजे तालीची सुटका तिच्या कृत्याच्या परीक्षणाने होत नाही. ती तिच्या वकिलाच्या पुण्याईने होते.

त्या भाषणाचा आशय महत्त्वाचा आहे. हा खटला तालीविषयी नसून गेथविषयी आहे, असे शेपर्ड न्यायाधीशांना सुनावतो आणि तालीच्या पूर्वकर्तृत्वाचे स्मरण देतो. पहिल्या विधानाने न्यायाधीशांचे हेतू उघडे पडतात, दुसरे विधान शुद्ध प्रशस्तिपर आहे. दोन्हींमुळे खेळणाऱ्याला न्याय मिळवून दिल्याचे समाधान लाभते. प्रत्यक्षात घडलेल्या कृत्याविषयी सभेला काहीच कळलेले नसते. राजकीय हेतूने चालविलेला खटला राजकीय कौशल्याने जिंकला जातो आणि ज्या प्रश्नासाठी तो उभा राहिला, तो प्रश्न होता तेथेच राहतो.

येथे एक आक्षेप घेता येईल : पित्याची अप्रतिष्ठा टाळण्याची कन्येची इच्छा मानणे हा मानवी मूल्यांचा विजय नव्हे काय? कथेच्या भावनिक पातळीवर हा आक्षेप ग्राह्य आहे. परंतु अलारेईवर ज्यांच्यावर प्रयोग झाले ते गेथ या हिशेबात कोठेच नाहीत. लीजन हा गेथ सहकारी म्हणून खेळणाऱ्याला या मोहिमेवर नेता येतो. तथापि निकालाचे जे मार्ग संहितेने ठेवले आहेत, त्यांत गेथची साक्ष हा मार्ग नाही. ज्यांच्याविषयी सारा वाद आहे त्यांना पक्षकाराचे स्थान नसणे, हा न्यायासनाचा दोष म्हणून संहिता कधीच नोंदवीत नाही. उलट सहानुभूतीची मांडणी अशी आहे की, गेथवरील अन्याय मान्य करणारे कोरिस हेच तालीला दोषी ठरवू पाहतात, म्हणून ते खलपात्र भासतात. आणि युद्धोत्सुक गेरेल तिच्या वडिलांचे मित्र असल्याने आपले वाटतात. खेळणाऱ्याचा राजकीय कल अशा रीतीने त्याच्या नकळत घडविला जातो.

२०१२ च्या ‘मास इफेक्ट ३’ मध्ये या मांडणीचे फलित दिसते. क्वेरियन रॅनॉकवर चालून जातात आणि शेपर्ड गेथच्या युद्धनौकेवर असतानाच गेरेल तिच्यावर मारा करण्याचा आदेश देतात. हद्दपारी टळली असल्यास ताली स्वतः अॅडमिरल झालेली असते. खटल्यात सर्वांना अप्रिय झालेले कोरिस या युद्धाच्या विरोधात होते, हेही आता उघड होते. पहिल्या खेळणीत सुखद वाटलेला निकाल पुन्हा तपासून पाहण्याची गरज या उत्तरकथेमुळे निर्माण होते.

तेव्हा या प्रसंगाचे मूल्य केवळ न्यायाधीशांचे हेतू उघड करण्यात नाही. तेवढे तर कोणतीही बरी न्यायालयीन कथा करते. न्यायाचे समाधान आणि सत्याचे प्रकटीकरण यांची फारकत करून, त्यांतील पहिले निवडण्यास खेळणाऱ्याला प्रवृत्त करणे, ही या रूपबंधाची स्वतःची कामगिरी आहे. संहितेला या फारकतीची पूर्ण जाणीव आहे असे मात्र म्हणता येत नाही. गुणांच्या आणि निष्ठेच्या हिशेबात ती सत्य दडविण्याच्या बाजूनेच कौल देते. तिची समीक्षा करणाऱ्याने निर्दोष सुटलेल्या तालीबरोबरच सभेपुढे कधीही न आलेल्या त्या नोंदींचाही विचार केला पाहिजे.