‘शाळा’ कादंबरीतील किशोरवयीन मन : भावनिक जाण आणि अभ्यासातील सहभाग

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या पार्श्वभूमीवर नववीतल्या मुकुंद जोशीचे प्रथमपुरुषी निवेदन तीत आहे. तिच्याकडे प्रामुख्याने कोवळ्या प्रेमाची कथा म्हणून पाहिले जाते. मात्र किशोरवयीन मुलांची भावनिक जाण व अभ्यासातील सहभाग यांचा संबंध तपासण्याच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची ठरते.

पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि ती जाण विचार व कृतीसाठी उपयोगात आणणे, असे तिचे स्वरूप आहे. या कसोटीवर मुकुंद उणा ठरत नाही. शिरोडकरच्या नजरेतील सूक्ष्म बदल तो टिपतो, मित्रांचे स्वभाव ओळखतो, मनातले बोलण्यासाठी नरूमामाला निवडतो. तरीही ही जाण अभ्यासाकडे सहजी वळत नाही.

फ्रेडरिक्स, ब्लूमेनफेल्ड व पॅरिस यांनी २००४ मध्येच शैक्षणिक सहभागाचे वर्तनात्मक, भावनिक व बोधात्मक असे तीन पैलू विशद केले. मुकुंद शाळेत ओढीने जातो. पण ती ओढ शिरोडकरची आहे, विषयांची नव्हे. हजेरी आहे, जिव्हाळा आहे. बोधात्मक गुंतवणूक मात्र क्षीण आहे. याचे कारण केवळ वयात शोधणे अपुरे ठरेल. मुलांची खरी चर्चा वर्गात होत नाही, ती अर्धवट बांधलेल्या इमारतीत होते. सुऱ्याला केवड्याविषयी वाटणारे आकर्षण शाळेच्या लेखी शिस्तीचा प्रश्न ठरते.

कादंबरीची मर्यादाही येथेच आहे. सर्व काही मुकुंदच्या दृष्टीतून येत असल्याने शिरोडकरचे अंतर्मन आणि शिक्षकांची अडचण वाचकाला दुरूनच दिसते. मात्र याच मर्यादेमुळे शाळा व विद्यार्थी यांच्यातील अंतर अधिक ठळक होते.

कॅरोलिन मॅकॅन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये केलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही भावनिक बुद्धिमत्ता व शैक्षणिक कामगिरी यांचा संबंध सकारात्मक, परंतु मर्यादित आढळला. ‘शाळा’ या मर्यादेमागील एक शक्यता सूचित करते : विद्यार्थ्यापाशी भावनिक जाण असणे पुरेसे नाही, तिला वर्गात स्थान मिळावे लागते. शिरोडकर गाव सोडून जाते, तेव्हा मुकुंदच्या दुःखाची नोंद शाळेच्या कोणत्याही दप्तरात होत नाही. गुणपत्रिकेवरून विद्यार्थ्याची पारख करणाऱ्या प्रत्येक अध्यापकासमोर ही कादंबरी तो प्रश्न ठेवते.