उपसर्ग, प्रत्यय आणि मराठी विद्यार्थ्याचा इंग्रजी शब्दसंग्रह

स्पर्धा-परीक्षांची तयारी करणाऱ्या जालना जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याचा एकच राजमार्ग सांगितला जातो. शब्द फोडावा, त्याचा उपसर्ग, मूळ व प्रत्यय वेगळे करावेत, प्रत्येकाचा अर्थ लावावा आणि शेवटी नमुन्याचे एक वाक्य वाचावे. नॉर्मन लुईस यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'वर्ड पॉवर मेड ईझी' या पुस्तकाने ही पद्धती भारतात कमालीची रूढ केली. त्याच साच्यावर बेतलेली मार्गदर्शिका-पुस्तके आज असंख्य आहेत. या पद्धतीचे गुण निर्विवाद आहेत. परंतु तिच्या मर्यादांची चिकित्सा फारशी होत नाही, आणि त्या मर्यादांचा भुर्दंड पडतो तो ज्याच्या घरी इंग्रजी कानावर पडत नाही अशा विद्यार्थ्याला.

प्रथम गुणांकडे पाहू. बियाण्यांच्या उद्योगासाठी जालना प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही संस्था येथेच उभी केली. या परिसरातील शेतकरी महाविद्यालयाची पायरी न चढताही 'इन्सेक्टिसाइड', 'फंगिसाइड', 'हर्बिसाइड' हे शब्द ओळखतो, कारण त्याच्या भाषेत कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक ही मालिका तशीच उभी आहे. 'साइड' आणि 'नाशक' यांचे कार्य एकच. हा धागा हाती आला की 'होमिसाइड', 'सुइसाइड' आणि राफाएल लेम्किन यांनी १९४४ साली ग्रीक व लॅटिन अंशांच्या जोडणीतून घडविलेला 'जेनोसाइड' हे शब्द सहज उलगडतात. लुईस यांच्या ग्रंथाच्या आरंभी येणारे 'इन्ट्रोव्हर्ट' व 'एक्स्ट्रोव्हर्ट' हे जोडशब्दही अंतर्मुख-बहिर्मुख या शब्दांच्या शेजारी ठेवले तर पाठ करावे लागत नाहीत. येथे पद्धती आपले वचन पाळते.

आता दुसरी बाजू. 'इन' म्हणजे नकार, असे मार्गदर्शिका पहिल्याच पानावर सांगते. पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेले असते. शिकविल्याप्रमाणे शब्द फोडणारा विद्यार्थी 'न पेटणारे' असा अर्थ करील, आणि ती चूक केवळ परीक्षेतील एका गुणाची राहणार नाही. वस्तुतः येथील 'इन' नकारार्थी नाही. तो 'आत' या अर्थाचा व क्रियेला जोर देणारा दुसराच उपसर्ग आहे. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या क्षेत्राने विसाव्या शतकात 'फ्लेमेबल' या शब्दाचा पुरस्कार केला तो याच गोंधळाच्या भीतीने. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांचीही येथे फसगत होत होती. 'इन्सेक्ट' या शब्दातील 'इन' देखील नकाराचा नव्हे. खाचा पडलेल्या, खंडित शरीराचा प्राणी असा त्याचा मूळ भाव आहे.

मार्गदर्शिकाकार अशा शब्दांना 'अपवाद' म्हणून एका चौकटीत कोंडतात. हे अशास्त्रीय आहे. एकाच रूपाचे दोन उपसर्ग असणे, किंवा एकाच उपसर्गाचे परस्परविरोधी अर्थ असणे, ही भाषेची नित्याची रीत होय, आणि मराठी विद्यार्थ्याला ती नवी नाही. 'विज्ञान', 'विख्यात' यांतील 'वि' विशेषत्व दाखवितो, तर 'विफल', 'विसंगत' यांतील 'वि' अभाव दाखवितो. तरी 'विज्ञान' म्हणजे ज्ञानाचा अभाव असे शाळकरी मुलगाही समजत नाही. त्याला हा शब्द वाक्यांतून, व्यवहारातून आधी भेटलेला असतो. फोड मागाहून येते. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल, असा चुकीचा अर्थ करणाऱ्याला 'अमूल्य' या एका शब्दाची आठवण करून दिली तरी पुरे. मूल्य नाही म्हणून अमूल्य नव्हे, मूल्य करता येत नाही म्हणून अमूल्य. दोन्ही भाषांनी येथे एकच वाट चोखाळली आहे.

मुळांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. 'सीव्ह' म्हणजे घेणे, असे सांगून 'रिसीव्ह', 'डिसीव्ह', 'कन्सीव्ह', 'परसीव्ह' ही माळ पुढे केली जाते. पहिला शब्द सोडला तर उरलेल्यांचा आजचा अर्थ या मुळावरून कोणालाही काढता येणार नाही. संस्कृत वैयाकरणांनी हा धडा हृ धातूवरून फार पूर्वी दिला आहे: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. उपसर्ग धात्वर्थाला बळाने अन्यत्र नेतो. ज्याला 'संहार' ठाऊक नाही त्याने 'आहार' या शब्दावरून त्याचा अंदाज बांधणे जितके धोक्याचे, तितकेच 'रिसीव्ह' वरून 'डिसीव्ह'चा अर्थ लावणे.

याउलट ध्वनिबदलाचा भाग मार्गदर्शिकांत दोन ओळींत उरकला जातो, आणि तोच मराठी विद्यार्थ्याला सर्वांत सोपा जाणारा आहे. 'इन'चा 'लीगल'पूर्वी 'इल', 'पॉसिबल'पूर्वी 'इम', 'रेग्युलर'पूर्वी 'इर' का होतो, हे पाठ करावयाचे कारण नाही. उद् आणि लेख मिळून उल्लेख होतो. 'संताप' व 'संपूर्ण' यांतील अनुस्वाराचा उच्चार पुढील वर्णाप्रमाणे बदलतो. हा संधीच आहे. इंग्रजीच्या तासाला व्याकरणाचे मराठी पुस्तक दप्तरात बंद ठेवण्याच्या प्रघातामुळे हे साम्य अदृश्य राहते.

शब्दांच्या कुळांचा प्रश्नही असाच आहे. 'अनेबल' म्हणावे, पण नाम करताना 'इनॅबिलिटी'. कारण 'अन' हा इंग्रजीचा जुना देशी उपसर्ग आणि 'इन' लॅटिन घराण्याचा. मराठीत 'बेइमान' आणि 'अप्रामाणिक' शेजारी नांदतात, 'बेप्रामाणिक' मात्र कोणी म्हणत नाही. आणि तरीही 'बेचव' चालतो. जालन्यासारख्या भागात, जेथे 'जाफराबाद' आणि 'बदनापूर' ही तालुक्यांची नावेच दोन वेगळ्या कुळांचे उत्तरपद धारण करतात, हा विवेक मुळात आहेच. शिवाय या प्रदेशाला त्याची विद्वत्परंपराही आहे. जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यम स्वीकारले गेल्यावर पाश्चात्त्य शास्त्रांची परिभाषा घडविण्याचा जो मोठा उद्योग झाला, त्यातून वहीदुद्दीन सलीम यांचा 'वज़ए इस्तिलाहात' हा ग्रंथ १९२१ साली निघाला. उपसर्ग-प्रत्ययांनी नवे शब्द कसे सिद्ध होतात याची त्यात विस्तृत चर्चा आहे. तेथे ही विद्या शब्द घडविण्यासाठी होती. आज ती केवळ शब्द ओळखण्यापुरती उरली आहे.

राहता राहिली उदाहरण-वाक्ये. या पुस्तकांचे हे सर्वांत दुबळे अंग होय. 'तो मनुष्य ग्रिगेरियस आहे' अशा वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्या जागी कोणतेही विशेषण घातले तरी वाक्य तसेच उभे राहते. जुन्या तर्खडकर भाषांतर पाठमालेची आज थट्टा होते, पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती: विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्य मराठीत आणि मराठी वाक्य इंग्रजीत आणावे लागे, म्हणून शब्द कोणाच्या संगतीत वावरतो हे हाताला कळे. बियाण्याच्या पिशवीवर 'जर्मिनेशन' आणि 'इनर्ट मॅटर' हे शब्द छापलेले असतात. 'पाऊस लांबल्याने जर्मिनेशन झाले नाही, दुबार पेरणी करावी लागली' हे वाक्य मंठा किंवा परतूरच्या मुलाला पदरचे काही न शिकविता कळते. तेच इंग्रजीत करावयास सांगितले की 'जर्मिनेट' हे क्रियापद त्याला स्वतः शोधावे लागते, आणि 'एशन' हा प्रत्यय काय करतो ते त्याच वेळी उमगते. 'इनर्ट' मात्र त्याने फोडू नये. पिशवीतील काडीकचरा त्याला दाखवावा.