बिनचाकी वाहनाचे माप

१९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ल्यूक स्कायवॉकर जे वाहन वाळवंटात चालवतो, त्याला चाके नाहीत. लँडस्पीडर हे त्याचे नाव. जमिनीपासून वीतभर उंचीवर ते तरंगत जाते. प्रत्यक्षात त्या आवरणाखाली बाँड बग नावाच्या तीनचाकी ब्रिटिश मोटारीचा सांगाडा होता. ही मोटार टॉम कॅरन यांच्या ओगल डिझाइनने आखलेली, आणि लँडस्पीडरही ओगलनेच बांधला. चाके झाकण्यासाठी बाजूला खालच्या अंगाने तिरपे आरसे लावले. त्या आरशांत ट्युनिशियाची वाळू दिसे, आणि चाकाच्या जागी पाहणाऱ्याला पुढची वाळूच दिसल्याचा भास होई. काही दृश्यांत कॅमेऱ्याच्या भिंगावर खालच्या बाजूला व्हॅसलीनही फासले होते.

मला या वाहनात सर्वांत बोलका वाटतो तो त्याच्या इंजिनांपैकी एकावरचा नसलेला पत्रा. एका बाजूच्या इंजिनाचे आवरण गायब आहे, आत नळ्या दिसतात. पुढे ल्यूक ही गाडी विकतो तेव्हा नवे मॉडेल आल्यामुळे तिला भाव मिळत नाही अशी कुरकुरही करतो. भविष्यातली वस्तू जुनी असू शकते, नादुरुस्त असू शकते, सेकंडहँड बाजारात पडून राहू शकते, हे या एका उघड्या इंजिनाने सांगितले. त्याआधीच्या कित्येक चित्रपटांतली याने नुकतीच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखी गुळगुळीत असत.

अशी वस्तू बनवण्याच्या पद्धतीला किटबॅशिंग म्हणतात. प्लास्टिकच्या मॉडेलचे तयार डबे, म्हणजे किट, आणायचे. विमान, रणगाडा, मोटार, जहाज अशा वेगवेगळ्या डब्यांतले भाग मोडून, कापून एकत्र जोडायचे आणि डब्यावरच्या चित्रात कधीच नसलेली वस्तू उभी करायची. या शब्दाला मराठी प्रतिशब्द काढण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. ‘संचभंजन’ वगैरे म्हटले तर मूर्तिभंजनाचा वास येतो आणि निम्मी गोष्टच सांगितली जाते. मोडणे कळते, जोडणे राहून जाते.

मी काही चित्रपटाचा अभ्यासक नाही आणि कलाशाळेची पायरीही चढलेलो नाही. पंचवीस वर्षे एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली. तिथे कागदाच्या उजव्या कोपऱ्यात आधी प्रमाण लिहायचे आणि मगच पेन्सिल टेकवायची, अशी शिस्त होती. त्यामुळे एकाच वस्तूत चार प्रमाणे बिनदिक्कत नांदताना पाहिली तेव्हा माझे कुतूहल चाळवले. आपल्याकडे या कामाची गणना छंदात होते. मला ते समीक्षेच्या कक्षेत आणण्याजोगे वाटते, कारण सुटे, उसने, कारखान्यात लाखांनी निघालेले भाग घेऊन स्वतंत्र कलाकृती होऊ शकते का, हा प्रश्न इथे अगदी उघडावाघडा समोर येतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९६५ साली सुरू झालेल्या ‘थंडरबर्ड्स’ या ब्रिटिश बाहुली-मालिकेसाठी डेरेक मेडिंग्ज आणि त्यांचे सहकारी एअरफिक्सच्या किटमधले भाग सर्रास वापरत. १९६८च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’तल्या यानांच्या पृष्ठभागावरही किटचे भाग आहेत. १९७२ साली डग्लस ट्रम्बुल यांनी ‘सायलेंट रनिंग’मधले प्रचंड यान सजवायला शेकड्यांनी रणगाड्यांचे किट फोडले. त्या चित्रपटावर काम केलेले जॉन डायक्स्ट्रा १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस इथे जॉर्ज लुकस यांच्यासाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकची कार्यशाळा उभारतात, आणि तिथून ही पद्धत जगभर जाते. कारण साधे होते : वेळ कमी आणि पैसा कमी. प्रत्येक नळी, प्रत्येक झडप हाताने घडवण्यापेक्षा दुकानातून डबा आणणे स्वस्त पडे. पण स्वस्तातून आलेली गोष्ट शैली होऊन बसली, तेव्हा ती शैली का चालली हे पाहावे लागते.

इथे प्रमाणाकडे वळू. डब्यावर १:७२, १:४८, १:३५, १:२४ असे आकडे असतात. हे आकडे शास्त्राने ठरवलेले नाहीत. १:७२ हे फूट-इंचांतून आले. त्यात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. १:३५ची कथा तर गमतीची आहे. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जो आकार ठरला, त्यातून हे प्रमाण निघाले. पुढे सैनिकी मॉडेलांचे ते जागतिक प्रमाण झाले. बॅटरीच्या जाडीवरून जगातल्या सगळ्या छोट्या सैनिकांची उंची ठरली!

आता चार प्रमाणांचे भाग एकत्र आल्यावर झालेली वस्तू कोणत्या प्रमाणात आहे? हे तपासायला मी स्वतःच एक तरंगते वाहन बांधले. धड १:२४ मोटारीचे. चाकांच्या कमानी प्लास्टिकच्या पत्र्याने बंद केल्या. दोन्ही बाजूंना १:७२ बॉम्बर विमानाची इंजिनांची आवरणे. पाठीवर १:४८ लढाऊ विमानाचे काही भाग आणि माथ्यावर १:३५ रणगाड्याचे गोल झाकण, ज्यातून सैनिक डोके बाहेर काढतो. सगळे चिकटवून झाल्यावर वस्तू हास्यास्पद दिसत होती : इकडे पांढरे, तिकडे हिरवे, मध्येच काळे प्लास्टिक. प्रत्येक भाग आपापले मूळ गाव सांगत होता. मग राखाडी प्रायमरचा एक हात मारला आणि ते सगळे एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे झाले.

पण रंगाने साहित्य एक होते, माप एक होत नाही. माप ठरवले त्या झाकणाने. त्याचा व्यास माझ्या मोजणीत १७ मिलिमीटर भरला. १:३५ने गुणले तर साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे माणसाचे खांदे जेमतेम पार होतील एवढे. हीच वस्तू १:७२ची मानली तर झाकण सव्वा मीटरच्या घरात जाते. त्याला झाकण कोण म्हणेल, तो विहिरीचा कठडा झाला. १:२०ची मानली तर ३४ सेंटिमीटर. त्यातून पोरही आत जाणार नाही. एकदा झाकणाने १:३५ असा निकाल दिला की बाकीच्यांना तो निमूट मानावा लागतो. १:२४ मोटारीचा छोटासा सायलेन्सर एकाएकी भलीमोठी धुराची नळी होतो. १:७२चे बॉम्बरचे इंजिन आक्रसून एखाद्या पंपाएवढे होते. भाग बदलत नाहीत, त्यांचे काम बदलते.

यातून माझ्या हाती एक नियम लागला. माणसाचे शरीर जिथे लागते ते भाग, म्हणजे दार, आसन, पायरी, कडी, शिडी, एकाच प्रमाणातले हवेत. बाकी सगळ्याला मोकळीक. फसलेली किटबॅश मॉडेले पाहिली तर बहुतेकांत हाच नियम मोडलेला सापडतो : शिडी एका मापाची, दार दुसऱ्या मापाचे, आणि वस्तू डोळ्यांसमोर फुगत-आकसत राहते. तरंगत्या वाहनात ही अडचण दुप्पट. चाक हे माप सांगणारे सर्वांत जुने चिन्ह आहे. चाकावरून आपल्याला उंची कळते, वजन कळते, रस्ता कोणता तेही कळते. ते काढून घेतले की सगळा भार त्या झाकणावर आणि खालच्या सावलीवर येतो.

प्रमाणभंग आपल्याला नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. हा अंक हातात येईल तेव्हा अंगणाअंगणात किल्ले उभे असतील. त्या किल्ल्यांवर महाराज सिंहासनासकट महादरवाजापेक्षा उंच असतात, मावळे तीन वेगवेगळ्या मापांचे, पायथ्याच्या अळीवाच्या शेतात मावळ्याएवढी कोंबडी, आणि शेजारी मावशीने दिलेला प्लास्टिकचा वाघ. कोणाला काही खटकत नाही. कारण किल्ल्यावर आकार अंतराने ठरत नाही, मानाने ठरतो. महाराज मोठे म्हणून मोठे. मूर्तिकलेत मुख्य देवता मोठी आणि परिवार लहान असतो, तीच ही रीत. किटबॅशिंगला हा आधार नाही. तिथे मान कोणालाच नाही. तिथे आपण अभियंत्याच्या नजरेने पाहतो आणि अभियंता कोपऱ्यातले प्रमाण मागतो. म्हणून किल्ल्यावर जे खपते ते यानावर खपत नाही.

मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे मांडली. ती संवेदनांच्या परस्परसंबंधांची आहेत. भाग कुठून आला याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. त्या दृष्टीने पाहिले तर राखाडी रंग हे संवादाचे काम, गुळगुळीत पत्र्याशेजारी नळ्यांची दाटी हे विरोधाचे, आणि एका बाजूच्या उघड्या इंजिनाला दुसऱ्या बाजूच्या झाकलेल्या इंजिनाने तोलणे हे समतोलाचे. इतपत ही चौकट उत्तम बसते. पुढे मात्र ती अपुरी पडते, आणि माझा मुद्दा तिथेच आहे. किटबॅशमधला भाग आपले मूळ पुरते विसरत नाही. जाणकार डोळ्याला राखाडी रंगाखालचा पँथर दिसतो. मिलेनियम फाल्कनच्या अंगावर शर्यतीच्या मोटारी आणि रणगाडे ओळखणारे लोक आहेत. ही ओळख रसभंग करते, की रसात भर घालते?

माझे उत्तर असे की ते भाग काय होते यावर अवलंबून आहे, आणि ते बहुतांशी युद्धाचे होते. रणगाड्याच्या किटमध्ये चाकांचे आस, पट्ट्यांच्या कड्या, अवजारे, जाळ्या, नळकांडी असा तपशिलांचा खजिना असतो, म्हणून यानांवर रणगाडे चढले. म्हणजे विसाव्या शतकाने पाहिलेल्या भविष्याची कातडी दुसऱ्या महायुद्धाच्या तुकड्यांनी शिवलेली आहे. ‘स्टार वॉर्स’मध्ये हे इतरत्रही दिसते : हान सोलोचे पिस्तूल माउझर, साम्राज्याच्या सैनिकांच्या हातात स्टर्लिंग सबमशीनगन, आणि अवकाशातल्या चकमकींची जुळणी करताना समोर ठेवलेली महायुद्धातल्या विमानांची दृश्ये. पण चित्रपट या उसनवारीबद्दल बोलत नाही. तिथे युद्ध पोत म्हणून येते, आठवण म्हणून येत नाही. ही मला त्यातली उणीव वाटते, मग कारागिरी कितीही थोर असो.

याउलट उदाहरण जपानचे. १९५६ साली जन्मलेल्या को योकोयामा यांनी १९८२ साली ‘हॉबी जपान’ मासिकात ‘एसएफ३डी’ ही छायाचित्रमालिका सुरू केली. हिरोशी इचिमुरा आणि कुनिताका इमाई त्यांचे साथीदार होते. तीच पुढे ‘माशिनेन क्रीगर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. काळ एकोणतिसाव्या शतकाचा, अणुयुद्धाने उजाड झालेली पृथ्वी, आणि तिच्यासाठी लढणारे भाडोत्री सैनिक. यंत्रे किटच्या तुकड्यांतून आणि पुटीतून घडवलेली, रंग ब्रशने दिलेले, कडा झिजलेल्या. त्यांत नटरॉकर नावाचा एक तरंगता रणगाडा आहे. बसका, गोलसर, आत माणूस नसलेला. रणगाड्याची ओळख असलेले पट्टेच त्याला नाहीत, तरी तो पाहताक्षणी रणगाडाच वाटतो आणि तोही जर्मन वळणाचा. योकोयामांनी ही ओळख पुसली नाही. नावे जर्मन ढंगाची ठेवली, शत्रुपक्षाचा थाट तसाच ठेवला, युद्धवार्ताहराने काढल्यासारखी छायाचित्रे छापली. आठशे-नऊशे वर्षांनीही माणूस तेच करतो आहे, हे कथेत सांगावे लागत नाही. ते भागांतच आहे. उसन्या तुकड्याचे मूळ इथे अर्थाचा भाग होते, म्हणून मी नटरॉकरला लँडस्पीडरच्या वरचे स्थान देतो.

अनेकांना हे सगळे जुगाडासारखे वाटेल. साम्य वरवरचे आहे. जुगाडाला चालावे लागते. शेतातला पंपाचा इंजिन लावलेला गाडा बंद पडला की त्याचे कौतुक संपते. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ साली हाताशी असेल त्यातून जोडकाम करणाऱ्या कारागिराचे जे प्रसिद्ध वर्णन केले, त्याच्या जवळ किटबॅशर जरूर जातो. पण तोही काही साध्य करायला निघालेला असतो. किटबॅशरचे यंत्र फक्त चालेलसे वाटावे लागते. ती कारागिरी नाटकातल्या नेपथ्याची आहे.

नेपथ्याची एक गोष्ट सांगायची राहिली. १९८२च्या ‘ब्लेड रनर’मध्ये शहराच्या गर्दीत फाल्कनचीच एक प्रतिकृती उभी करून इमारत म्हणून खपवली आहे. रणगाड्याच्या तुकड्यांचे यान झाले, यानाची इमारत झाली. प्रत्येक वेळी शेजार बदलला आणि माप बदलले. आणि १९९७ साली ‘स्टार वॉर्स’ची सुधारित आवृत्ती काढताना लँडस्पीडरखालचा तो धूसर पट्टा संगणकाने पुसून स्वच्छ केला. मला जुनाच बरा वाटतो. त्या धुरकटपणात निदान कोणीतरी काहीतरी लपवते आहे याचा पुरावा होता.

नटरॉकरचे पुढे असे झाले की ऐंशीच्या दशकात निट्टो या जपानी कंपनीने त्याचा किट बाजारात आणला. तुकड्यांतून झालेल्या वस्तूचे पुन्हा साच्यातले तुकडे झाले, क्रमांक घालून, सूचनापत्रकासह. नंतर हासेगावाने ही मालिका पुढे चालवली, आणि आता हे भागही मोडून भलत्याच वाहनांवर चिकटवले जातात. डब्यावर प्रमाण मात्र ठळक छापलेले असते : १:२०.