चार मिलिमीटरचा एक फूट

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या छांदिष्टांसाठी इंग्लंडमध्ये निघणारी आणि पुढे बंद पडलेली मासिके हा शिक्षकांच्या मासिकात लिहिण्याचा विषय आहे काय, असे वाचक विचारतील. त्यातून लिहिणारा विट्याचा. आमच्या गावाला आजही रेल्वे नाही. गाडी पाहायची तर किर्लोस्करवाडी किंवा कराड गाठावे लागते. तरीही या मासिकांनी मला जे शिकवले ते वर्गात वर्षानुवर्षे उपयोगी पडले. त्यांच्याविषयी जे आठवणवजा लेखन वाचायला मिळते त्यात मात्र या शिकवणुकीचा उल्लेख सहसा नसतो. तिथे रंगीत मुखपृष्ठे असतात, कागदाचा वास असतो, जाहिरातींतल्या न परवडणाऱ्या इंजिनांची हुरहूर असते. हे सारे खरे आहे, पण मासिकाचा गाभा तो नव्हे.

खानापूर तालुक्यातली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरली आहेत. माझे एक मामा कोलकात्यात होते. गावच्या यात्रेला येताना ते फ्री स्कूल स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून भाच्यांसाठी अंक आणत. 'चित्रे आहेत म्हणून आणली' एवढाच त्यांचा हिशेब. मी मराठी शाळेतला, पाचवी-सहावीतला. इंग्रजी मजकूर वाचता येत नव्हता. वाचता आले ते आराखडे. इंजिनाची बाजू, समोरची बाजू, वरून दिसणारा भाग आणि खाली एक रेघ, तिच्यावर फुटांच्या खुणा. भाषा न येणाऱ्यालाही ज्यातून नेमकी माहिती मिळते असे ते माझे पहिले वाचन.

या मासिकांचा इतिहास थोडक्यात असा. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्याने 'मेकॅनो मॅगेझिन' १९१६ साली सुरू केले. मेकॅनोचे सुटे भाग आणि पुढे हॉर्नबी गाड्या खपाव्यात हा उघड हेतू. पण मुलांना आगबोटी, पूल, धरणे, खगोल असे सर्व काही त्यात मिळू लागले आणि खपासाठी काढलेले पत्र जगभर वाचले जाऊ लागले. निरनिराळ्या प्रकाशकांच्या हातून जात ते १९८१ मध्ये थांबले. 'मॉडेल रेल्वे न्यूज' १९२५ चे. १९७१ साली त्याने नाव बदलले. 'मॉडेल रेल्वे कन्स्ट्रक्टर' १९३४ ते १९८७ असे चालले. 'रेल्वे मॉडेलर' मात्र १९४९ पासून अजून निघते.

इथे आपल्या शेजारची एक गोष्ट आठवते. विट्याहून तासाभराच्या वाटेवर किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगरांच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली. मेकॅनोच्या पत्रानंतर चारच वर्षांनी, तशाच कारणाने: कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ती वाढली, 'किर्लोस्कर' मासिक झाली, साहित्य आणि समाजसुधारणेच्या चर्चेने मराठी घरांत पोचली. मराठी वाचकाचा त्यात मोठा लाभ झाला. पण माझ्या मनात एक रुखरुख राहतेच. नांगर बनवणाऱ्यांचे हे मासिक नांगराचा आराखडा आणि त्याची मापे यांच्या वाटेने गेले असते, तर हाताने करून पाहायला लावणारे एक मासिक मराठीतही रुजले असते काय?

आता आराखड्याकडे वळू. इंग्लंडमधले सर्वांत रूढ प्रमाण म्हणजे खऱ्या एका फुटाला प्रतिकृतीत चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७६ ला १. इंच-फुटांचे माप आणि मिलिमीटर यांची ही गाठ विचित्र वाटते, पण वर्गासाठी ती सोन्यासारखी आहे. मी ती मिरजेवर वापरत असे. मिरज स्थानकात अनेक वर्षे तिन्ही प्रकारचे रूळ होते: ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइटची नॅरोगेज. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. ब्रॉडगेज साडेपाच फूट, म्हणून २२ मिलिमीटर. नॅरोगेज अडीच फूट, म्हणजे बरोबर १० मिलिमीटर. मीटरगेज ३.२८ फूट, म्हणजे १३ मिलिमीटरहून किंचित जास्त. आज मिरजेत फक्त ब्रॉडगेज उरले आहे, पण फळ्यावर तिन्ही रूळ शेजारी शेजारी काढले की गुणोत्तराचा पाठ मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

याच प्रमाणात एक प्रसिद्ध खोट दडलेली आहे. इंग्लंडचे गेज ४ फूट साडेआठ इंच. चार मिलिमीटरच्या हिशेबाने रूळ १८.८३ मिलिमीटरचे हवेत. बाजारात मिळणारे होते १६.५ मिलिमीटरचे. कारण असे की हे रूळ मूळचे फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणाचे. इंग्लिश इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा आकाराने लहान, त्या प्रमाणात त्यांच्या पोटात मोटार मावेना. म्हणून वरचे इंजिन मोठे केले आणि रूळ तसेच ठेवले. परिणामी प्रत्येक खेळण्यातली गाडी खऱ्या हिशेबाने सात इंच अरुंद रुळांवर धावते. हे उघडपणे मांडणारे, १८.८३ च्या चाकांची आणि रुळांची काटेकोर मापे देणारे लेख १९६६ साली 'मॉडेल रेल्वे न्यूज'मध्ये आले. ज्या बाजारावर मासिकाच्या जाहिराती चालतात, त्याच्या मालातली चूक मासिकानेच आकड्यांत दाखवावी, याला मी या पत्रांचे सर्वांत मोठे श्रेय मानतो. आराखड्यात चूक असली तर वाचक पत्राने कळवत आणि ते पत्र छापले जाई. आपल्या पाठ्यपुस्तकातली आकृती चुकली असे कळवण्याची सवय आपण किती विद्यार्थ्यांना लावतो?

अंकांनी नकळत शिकवलेली दुसरी गोष्ट अशी की, सगळे एकाच मापाने लहान होत नाही. लांबी ७६ पट घटली तर क्षेत्रफळ ५,७७६ पट घटते आणि घनफळ सुमारे ४ लाख ३९ हजार पट. शंभर टनांचे इंजिन त्याच धातूंचे, आतबाहेर हुबेहूब केले तर भरेल सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. वळणांचे तर विचारूच नका. आपल्या ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी चालत नाही. प्रतिकृतीत ती २.३ मीटर होते, म्हणजे अर्धे वर्तुळ काढायलाच साडेचार मीटरची खोली हवी. पेटीत मिळणारे वळण जेमतेम ३८ सेंटिमीटर त्रिज्येचे. ताशी ७६ किलोमीटरने जाणारी गाडी टेबलावर सेकंदाला २८ सेंटिमीटरच धावली पाहिजे. मुले ती चौपट वेगाने पळवतात आणि मग ती रुळावरून उतरते.

दोष नव्हते असे नाही. 'मेकॅनो मॅगेझिन' सरळसरळ मुलग्यांना उद्देशून लिहिलेले असे. मुलींच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर असू शकतो हे त्याच्या फारसे ध्यानातच नसे. मी पाहिलेल्या अंकांत आपल्या गाड्या क्वचित दिसल्या. आणि उत्तरार्धातल्या अंकांत आराखडे घटत जाऊन तयार मालाची परीक्षणे वाढलेली दिसतात. कोणते इंजिन विकत घ्यावे हे सांगणारे पान ते विकत घेताच निरुपयोगी होते. ही मासिके दूरचित्रवाणीमुळे बंद पडली, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला वाटते, करण्याऐवजी घेण्याचे सल्ले देऊ लागल्यावर त्यांची निकड आतूनच कमी होत गेली. तयार वस्तूची माहिती दुकानदारही देतो.

चालती प्रतिकृती पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. सहल तिकडे नेणाऱ्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गाडी सुरू होण्याआधी मुलांना फलाटाची उंची आणि डब्याचे दार नजरेने मोजायला सांगा आणि प्रमाण काय असेल ते काढू द्या. मग गाडी बघा.

विट्यात रूळ नसले तरी यंत्रमाग आहेत. निवृत्तीच्या आदल्या वर्षी नववीच्या मुलांकडून मी मागाचा आराखडा करून घेतला, एकास दहा या प्रमाणात. टेप, खडू आणि दोरी घेऊन मुलेमुली चार दिवस एका कारखान्यात जात होती. कागद पूर्ण झाल्यावर आम्ही तो मागावरच्या कामगाराला दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला, धोट्याच्या पेटीवर बोट ठेवले आणि म्हणाला, "गुरुजी, ही एवढी रुंद असती तर धोटा आत खडखड करील. पोरांनी बाहेरून मोजलंय. आतून मोजायला पाहिजे." मुले टेप घेऊन परत आत गेली.