ध्वनीची डागडुजी की रंगसफेदी?

‘लेड झेपेलिन टू’ ही तबकडी ऑक्टोबर १९६९ मध्ये बाजारात आली. तेव्हापासून ती इतक्या वेळा ‘नव्याने’ विकली गेली आहे की, आमच्या कपाटात तिच्या तीन प्रती आहेत आणि चौथीला घरातून सक्त विरोध आहे. विरोधकांचा प्रश्न तसा रास्तच: गाणी तीच, वाजवणारे तेच, मग बदलले काय?

बदलते ते मास्टरिंग. वेगवेगळ्या ट्रॅकवरचे गायन-वादन एकत्र करून दोन चॅनेलची टेप बनवायची, हे झाले मिक्सिंग. ती टेप तबकडीवर किंवा सीडीवर उतरवताना खर्ज किती ठेवायचा, वरचे स्वर किती उजळायचे आणि एकूण पातळी किती, हे ठरवायचे ते मास्टरिंग. तेच काम जुन्या टेपवर पुन्हा केले की झाले रीमास्टर. या शेवटच्या हाताची ताकद केवढी, ते या तबकडीच्या जन्मकथेतच दिसते. पहिले मास्टर न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये तरुण बॉब लडविगने कापले. लडविगनेच सांगितलेली हकीकत अशी, की अटलांटिक कंपनीचे अहमत एर्टेगन यांच्या मुलीच्या साध्या रेकॉर्ड प्लेयरवर त्या दणकट खाचांतून सुई उडू लागली. ते मास्टर बाजूला ठेवून कंपनीने दुसरे, सौम्य मास्टर कापून घेतले. आज ‘आर. एल.’ ही अक्षरे कोरलेल्या त्या पहिल्या प्रतीसाठी शौकीन शेकडो डॉलर मोजतात.

म्हणजे सुई ही एक पहारेकरीण होती. सीडीला सुई नाही. तिथे प्रत्येक नमुना १६ बिटांचा. सर्वांत मोठा आकडा ३२,७६७ आणि त्यापुढे भिंत. मग आवाज मोठा करायचा कसा? लिमिटरने शिखरे दाबायची आणि सगळेच वर उचलायचे. शिखरे भिंतीला टेकलेली राहतात, दऱ्या मात्र बुजतात. वास्तविक १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबेलचा पल्ला मिळतो, एल. पी.ला तो कधीच परवडला नसता. आणि नव्वदीच्या दशकापासून रॉकच्या कितीतरी सीडी त्यातले अगदी वरचे थोडे डेसिबेलच वापरू लागल्या. दहा खोल्यांचा बंगला बांधून सगळ्या कुटुंबाने माळ्यावर राहावे, तसा हा प्रकार.

याच तबकडीवरचे ‘रॅम्बल ऑन’ घ्या. कडव्यात ऍकॉस्टिक गिटार, जॉन पॉल जोन्सचा फिरता बास, आणि बॉनम कशावर तरी हलकेच टपटप करतो (कशावर, याबद्दल अजून वाद चालतात). मग ध्रुपदाला सगळे एकदम कोसळतात. ही उडी हाच त्या गाण्याचा प्राण आहे. २००७च्या ‘मदरशिप’ या संग्रहात हे गाणे आहे, पण तिथे कडवेच इतके वर आणून ठेवले आहे की कोसळायला उंची उरत नाही. पहिल्यांदा ऐकताना मला ते आवडले होते, हे कबूल करतो. ऐकणाऱ्याला मोठे ते चांगले वाटतेच, फरक एखाद-दुसऱ्या डेसिबेलचा असला तरी. म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा आणि कोणती प्रत लागली आहे हे दुसऱ्याला ठरवू द्यावे. आमच्या घरी असे केल्यावर ‘मदरशिप’ दर खेपेला हरली.

ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या सीडी जिमी पेजला न विचारताच निघाल्या होत्या. १९९० मध्ये त्याने जॉर्ज मरिनोबरोबर बसून संचासाठी नवे मास्टर केले. २०१४ मध्ये पुन्हा, या वेळी जॉन डेव्हिसबरोबर. गंमत अशी की ‘मदरशिप’चे कामही डेव्हिसचेच. माणूस तोच, यंत्रे साधारण तशीच. पण २०१४च्या प्रतीत ‘रॅम्बल ऑन’ची उडी बरीचशी परत आली आहे. त्यामुळे ‘डिजिटलने रॉक मारले’ ही तक्रार मला पटत नाही. त्याच्याकडे मागितले काय, हे पाहायला हवे. २०१४च्या प्रतीवर माझा आक्षेप एवढाच, की झांजा जरा जास्त चकचकीत झाल्या आहेत. पहिली सीडी थोडी मळकट, टेपची सरसर ऐकू येणारी. पण बॉनमचा ढोल तिच्यात खोलीसकट ऐकू येतो. सरसर पुसायला गेले की बरेचदा झांजेची विरत जाणारी शेपूट आणि ती खोलीच पुसली जाते.

सगळे डाग पुसायचे नसतात, हे पेजला ठाऊक असावे. ‘होल लॉटा लव्ह’च्या शेवटाकडे रॉबर्ट प्लँटच्या हाकेआधी त्याच हाकेची पुसट सावली ऐकू येते. दुसऱ्या ट्रॅकवरून झिरपलेला तो आवाज मिक्सिंगच्या वेळी एडी क्रेमरला काढता येईना, म्हणून त्यावर घुमारा चढवला गेला. २०१४ मध्येही ती सावली जागच्या जागी आहे.

आता बहुतेक लोक गाणी इंटरनेटवरून ऐकतात, आणि तिथल्या अनेक सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज आपणहून एका पातळीवर आणतात. दाबून मोठे केलेले गाणे तिथे नुसतेच खाली ओढले जाते. दाबलेले मात्र दाबलेलेच राहते. तरुण मंडळींच्या कानी तिथे प्रामुख्याने २०१४चेच मास्टर पडते. पहिली सीडी अजून जुन्या दुकानांत काही डॉलरना मिळते. कोणाकडे जास्तीची असेल तर कळवावे. आमची एका ठिकाणी अडकू लागली आहे, आणि ती बदलणे म्हणजे चौथी प्रत नव्हे, असे मी घरी पटवून देऊ शकेन.