दोन पट्ट्यांमधली जागा : फ्यूजन, कीबोर्ड आणि आपली पेटी

(नांदुरा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. जिथे ध्वनिमुद्रण ऐकवलं तिथे चौकटी कंसात नोंद केली आहे.)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी आम्हाला रस्त्यातच थांबवलं. म्हणाले, "नांदुऱ्यात जॅझ? ऐकणार कोण?" आम्ही म्हटलं, तुमच्या घरी पेटी आहे ना? मग तुम्हीच या. ते आलेत, मागच्या रांगेत बसलेत. त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

आम्ही चार-पाच जण गेली बरीच वर्षं एकत्र बसून जॅझ-फ्यूजन ऐकतो. फ्यूजन म्हणजे ढोबळमानाने असं समजा : 1960 च्या दशकाच्या शेवटी जॅझवाल्यांनी विजेवर चालणारी वाद्यं घेतली, रॉकचा ठेका घेतला, आणि त्यातल्या काहींनी आपल्याकडचे राग आणि तालही घेतले. या संगीताचे चाहते एकत्र जमले की दोनच गोष्टी होतात. एक, सगळ्यात थोर कीबोर्डवादक कोण? कोणी हर्बी हॅनकॉक म्हणतो, कोणी चिक कोरिया, कोणी जो झाविनुल, कोणी यान हॅमर. आणि दुसरी, "तुझ्याकडे अमुक अल्बम आहे का?" तो अल्बम जितका दुर्मिळ, तितकी सांगणाऱ्याची मान ताठ. हा खेळ आम्हीही भरपूर खेळलोय. पण आज कबूल करायचंय की या दोन्ही गप्पांमध्ये खरा प्रश्न बाजूलाच राहतो. अल्बम मिळत नाही, एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही. आणि थोर कोण हे ठरवायला आधी काहीतरी कसोटी लागते. ती कसोटी आम्हाला आपल्या भजनी मंडळातल्या एका पेटीवाल्याकडून मिळाली.

झालं असं, की एकदा आम्ही त्यांना महाविष्णू ऑर्केस्ट्राचा 'बर्ड्स ऑफ फायर' हा 1973 चा अल्बम ऐकवला. यान हॅमरचा मिनीमूग सिंथेसायझर सुरू झाला. या वाद्याला पट्ट्यांच्या डाव्या बाजूला एक चाक असतं. उजव्या हाताने पट्टी दाबायची आणि डाव्याने चाक फिरवलं की सूर वर-खाली घसरतो. पेटीवाले डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हा पेटीवाला नाही भाऊ. हा सारंगीवाला आहे. पट्टी सोडून पळतोय."

पट्टी सोडून पळणं! सगळी मेख यातच आहे.

पेटीवर सप्तकात बारा सूर. काळ्या पाच, पांढऱ्या सात. गायक सांगतो, "आमची काळी चार," की त्याचा षड्ज ठरला. पण गाणं बारा सुरांवर थांबत नाही. ते एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेने जातं, मधल्या जागेत रेंगाळतं, आंदोलन घेतं. शिवाय बारा सूर समान अंतरावर लावले, तर शुद्ध गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा लागतो. एका अर्ध्या सुराचे 100 सेंट, त्यातले 14. ऐकताना किरकोळ वाटतं, पण तयार कानाला टोचतं. याच कारणांवरून आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं होतं, ते 1971 मध्ये उघडलं. एकतीस वर्षं! घरोघरी आणि देवळोदेवळी वाजणारं वाद्य रेडिओवर नको होतं.

आक्षेप खोटा नव्हता. पण आपल्या पेटीवाल्यांनी त्याला वादापेक्षा बोटांनी उत्तर दिलं. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर ही नावं आपल्याला परकी नाहीत. भात्याचा दाब हलका-भारी करायचा, शेजारची पट्टी निसटती स्पर्शून पुढे जायचं, गायकाच्या मागे सावलीसारखं राहायचं आणि जिथे मींड येणार तिथे सरळ गप्प बसायचं. मींड निघत नाही, पण मींडेचा भास होतो. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटीच तयार केली. म्हणजे महाराष्ट्रात हा प्रश्न कधी शिळा झालाच नाही.

आता जॅझकडे या. जॅझच्या पोटात ब्लूज आहे आणि ब्लूजमध्ये एक सूर आहे, त्याला ते ब्लू नोट म्हणतात. तो कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मध्ये कुठेतरी राहतो. गायकाला तो सापडतो, गिटारवाल्याला तार ओढून सापडतो. पियानोवाल्याला मात्र पट्टीच नाही. मग तो काय करतो? दोन्ही शेजारच्या पट्ट्या एकदम चिरडतो किंवा एकीवरून दुसरीवर बोट घसरवतो. भास निर्माण करतो.

[इथे पेटीवर कोमल ग आणि शुद्ध ग आधी वेगवेगळे, मग एकत्र वाजवून दाखवले.]

ऐकलंत? अमेरिकेतला पियानोवाला आणि आपला पेटीवाला, दोघांचं दुखणं एकच. म्हणून आमचं म्हणणं असं, की राग आणि जॅझ यांची खरी भेट कॉर्डमध्ये होत नाही, ठेक्यातही पुरती होत नाही. ती या दोन पट्ट्यांमधल्या जागेत होते. फ्यूजनमधल्या कीबोर्डवादकाला एकच प्रश्न विचारायचा : बाबा रे, या जागेचं तू काय केलंस?

ही कसोटी घेऊन आपल्याच मुंबईत झालेले अल्बम पाहू.

पहिला, 1968 चा 'रागा जॅझ स्टाइल'. नाव शंकर-जयकिशन यांचं, सतार रईस खान यांची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, ड्रम्स लेस्ली गोदिन्हो यांचे आणि पियानोवर लुसिला पाचेको. सिनेमाच्या स्टुडिओंमधली ही मंडळी. एका तबकडीत अकरा राग : तोडी, भैरव, मालकंस, कलावती, जयजयवंती वगैरे, शेवट भैरवी. चाहत्यांमध्ये या तबकडीला मोठा मान आहे. आमचं मत थोडं वेगळं आहे. सतार आपलं बोलते, मग ब्रास आपलं बोलतं, पुन्हा सतार. पाळीपाळीने. पियानो बहुतेक वेळ ठेक्याला धरून कॉर्ड देतो, सतारीच्या मींडेशी झोंबत नाही. रागाला चारेक मिनिटं मिळाल्यावर झोंबणार तरी कधी? हा शेजार आहे, संसार नाही. पण एक गोष्ट जरूर नोंदवू. पियानोने सतारीच्या मध्ये पाय घातलेला नाही. आपल्याला जे वाजवता येणार नाही तिथे हात आवरणं, हे पेटीवाल्याचंच शहाणपण.

दुसरा अल्बम जॅझ नव्हे, तरी तो टाळून चालणार नाही. चरणजित सिंग यांचा 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. 1982 मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला. सिंग हेही सिनेमाच्या वाद्यवृंदातले. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली : ज्युपिटर-8 सिंथेसायझर, टीबी-303 आणि टीआर-808. यमन, ललित, मधुवंती, मेघमल्हार असे दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर एकट्याने वाजवले. तेव्हा फारशी दखल कोणी घेतली नाही. 2010 मध्ये एका डच लेबलने तो पुन्हा काढला आणि जगभर गवगवा झाला, कारण शिकागोत 1987 नंतर ज्याला ॲसिड हाउस म्हणू लागले, त्या संगीताशी याचं विलक्षण साम्य होतं.

[इथे यातल्या 'कलावती'चा थोडा भाग ऐकवला.]

गवगव्याचं कारण बाजूला ठेवा. आपली कसोटी लावा. इथे सूर घसरतो, एका पट्टीवरून दुसरीवर वाहत जातो. सिंथेसायझरमध्ये ही सोय होती आणि सिंग यांनी ती रागासाठी वापरली. जागा भरली गेली! पण ठेका यंत्राचा. तो गायकासाठी थांबत नाही, समेवर हसत नाही. मींड आहे, संवाद नाही. दुर्मिळ होता म्हणून याला डोक्यावर घेणं आणि डिस्को म्हणून नाक मुरडणं, दोन्ही आळशीपणाचं. आम्ही दुसरा आळस केलाय. अशा कॅसेटी आम्ही रद्दीबरोबर दिल्या, काहींवर तर लग्नातली गाणी भरून घेतली. परदेशातल्या लोकांनी शोधून काढल्यावर आम्हाला आपली वस्तू आपली वाटली. याची लाज वाटायला हवी, आणि वाटते.

तिसरं उदाहरण आपल्या मराठी कानाच्या फार जवळचं. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू यांची ठुमरी, दादरा ज्यांनी ऐकलाय त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांचे अल्बम ऐकलेल्यांनी हात वर करा. दोन. त्रिलोक जॅझमधले मोठे तालवादक. त्यांच्या 1988 च्या 'उस्फ्रेत'मध्ये आई गाते, आणि पियानो-कीबोर्डवर डॅनियल गोयोन आहेत. 1993 च्या 'क्रेझी सेंट्स'मध्येही शोभाताई आहेत, आणि त्याच अल्बमवर जो झाविनुल आणि पॅट मेथेनी. वेदर रिपोर्टचा झाविनुल आणि आपल्या शोभाताई एकाच तबकडीवर, हे चाहत्यांच्या गप्पांत कितीदा येतं? आम्हाला इथे आवडतं ते हे, की शोभाताईंचा आवाज चवीपुरता शिंपडलेला वाटत नाही. त्या आपल्या सुरात, आपल्या लगावात गातात, आणि बाकीच्यांना त्यांच्या मागे जावं लागतं. फ्यूजनमध्ये पाहावं ते हेच : पड कोण खातंय? बहुतेक वेळा रागाला पड खावी लागते. इथे यंत्रांनी खाल्ली.

जॉन मॅक्लॉफ्लिनने तर यावर वेगळाच तोडगा काढला. महाविष्णूमध्ये हॅमरचा कीबोर्ड होता. पण 1975 च्या सुमारास झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' काढली, तेव्हा त्यात कीबोर्ड ठेवलाच नाही. गिटारच्या पट्ट्यांमधलं लाकूड कोरून घेतलं, म्हणजे तार दाबून मींड काढता येईल. आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, तसंच हेही म्हणा ना! फरक एवढाच, की त्याने ते स्वतःच्या गटापुरतं केलं. आणि पुढे चेन्नईत ध्वनिमुद्रित केलेल्या 'फ्लोटिंग पॉइंट' या 2008 च्या अल्बममध्ये त्याने कीबोर्ड परत आणला. वाजवायला कोण? मुंबईचे लुई बँक्स.

लुई बँक्स जन्माने दार्जिलिंगचे, कोलकात्यात नाव झालं, आर. डी. बर्मन यांच्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत आले. मुंबईत 1978 पासून जॅझ यात्रा भरू लागली, त्या वातावरणात ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन आणि कर्नाटक गायिका रमामणी यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. त्यांची वाट चरणजित सिंगांपेक्षा वेगळी. सूर घसरवण्याच्या मागे ते फारसे लागत नाहीत. ते तालाकडून येतात. तिहाई, कर्नाटक पद्धतीची मोजणी, ती बोटांत घेऊन कॉर्ड अशा ठिकाणी टाकायचा की गाणाऱ्याची सम उजळून निघेल. मधली जागा ते गायकाला मोकळी सोडतात. आम्हाला हे उत्तर सगळ्यात पटतं. अप्पा जळगावकर भीमसेनजींच्या मागे जे करत, त्याच्याशी याचं नातं आहे.

आणि आता मागच्या रांगेतल्या गृहस्थांसाठी. तुम्ही लुई बँक्स ऐकलेले नाहीत असं वाटतं ना? 1988 च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागलं. चाल आपल्या अशोक पत्की यांची, भैरवीतली. संगीत संयोजन लुई बँक्स यांचं. भीमसेनजींपासून सुरू होऊन ते गाणं देशभर फिरतं, दर वळणावर भाषा आणि वाद्यं बदलतात, पण सांधा दिसत नाही. सांधा दिसू न देणं हेच तर संयोजकाचं काम. नांदुऱ्यात ज्या घरी टीव्ही होता, त्या प्रत्येक घरात हे फ्यूजन शेकडो वेळा वाजलंय. चाहत्यांच्या यादीत ते येत नाही, कारण ते दुर्मिळ नाही!

म्हणून सांगतो, शोधायला जरूर निघा. पण शोध कानाचा असू द्या, कपाटाचा नको. आणि तबकडीच्या मागची बारीक अक्षरातली नावं वाचा. लुसिला पाचेको हे नाव अशाच बारीक अक्षरात राहिलं.

शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, आधी कोणता अल्बम ऐकू?"

आधी घरी पेटी असेल तर ती काढा. कोमल ग आणि शुद्ध ग आळीपाळीने वाजवा, आणि मग त्या दोघांच्या मधला सूर गळ्याने लावून बघा. तो सापडला, की कोणताही अल्बम लावा. कोण पट्टी सोडून पळतोय आणि कोण पट्टीला चिकटून बसलाय, हे तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.