बागेतल्या दोन समाध्या

पुण्यात नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसचे नावच त्याचा इतिहास झाकते. १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी बांधलेली ही वास्तू १९४२ ते १९४४ या काळात तुरुंग होती. कमानी, रुंद व्हरांडे आणि राखलेली हिरवळ पाहताना मात्र कैद जाणवत नाही. आतल्या दालनांचा नायक अर्थातच गांधीजी.

या कारावासाचा खरा दस्तऐवज बागेत आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेले महादेवभाई देसाई सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला, येथे वारले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी गेल्या. दोघांचेही दहन आवारातच झाले. गांधीजी ६ मे १९४४ रोजी सुटले. हे दोघे मात्र कैदी म्हणूनच संपले.

डॉ. सुशीला नय्यर या सहबंदी आणि डॉक्टरही. त्यांचे ‘बापू की कारावास कहानी’ वाचून येथे आल्यास कारावास म्हणजे केवळ उपवास आणि पत्रव्यवहार नव्हे, तर आजारपण आणि शुश्रूषाही, हे ध्यानात येते. दालनांतला गौरव ही बाजू पेलू शकत नाही.

पुढे १५ ऑगस्ट हा देशाचा उत्सव झाला आणि महादेवभाईंची पुण्यतिथी त्याखाली दबली. म्हणून येथे पाहण्याचा क्रम उलटा हवा: आधी समाध्या, मग दालने. एरवी पॅलेस दिसतो, तुरुंग दिसत नाही.